मागे घेतलेला हात

बांध फुटला नव्हता, फोडला होता. पाण्यानं फुटलेला बांध उंदरानं कुरतडल्यासारखा वाकडातिकडा दिसतो. हा सरळ कापलेला होता. कुदळीच्या पात्याचे वार चिखलात अजून ओले होते. शेवंती काठावर उभी राहून भगदाडाकडे बघत राहिली. भरतीला खाडीचं पाणी आत घुसून खाजणभर, खाडीकाठच्या त्या भातशेतीभर, पसरलं होतं आणि ओहोटीबरोबर निम्मंच परत गेलं होतं. दाणा धरलेलं भात घोटाभर खाऱ्या पाण्यात उभं होतं. वरून हिरवंगार. आणखी थोड्या दिवसांनी ते कसं दिसणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"ह्यां काय खेकड्यांचां काम नाय," ती म्हणाली.

 तिचा नवरा दत्ताराम यानं टोपली खाली ठेवून कासोटा घट्ट केला आणि भगदाडात उतरला. मांडीपर्यंत चिखल. फावड्यानं ढेकूळ कापायचं, तिच्या टोपलीत टाकायचं. तिनं ते वर नेऊन दाबायचं, त्यावर माडाची चुडतं, वाळक्या झावळ्या, अंथरायची, पायानं तुडवायची. पौर्णिमेचं उधाण तोंडावर आलं होतं. त्याच्या आत बांध उभा राहिला नाही तर घरात वर्षाचा दाणा येणार नव्हता.

हे कुणी केलं आणि कशासाठी, ते दोघांनाही ठाऊक होतं.

सत्तावन्न सालचा आश्विन होता. कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या नावावर होणार, असा कायदा आला होता. कुडाळच्या बाजाराला गेलेली माणसं ही बातमी घेऊन आली, पण मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. पौर्णिमा झाली की कचेरीतला साहेब गावात येऊन कोण कूळ आणि कोण मजूर ते विचारणार होता. गावच्या जमिनीचा मालक भिकाजी खोत, त्यानं त्याआधीच सगळ्या कुळांना रवळनाथाच्या देवळात गोळा केलं. एकेकानं देवाच्या पाषाणावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "मी कूळ नाय, मी खोतांचो मजूर." एकदा देवासमोर बोललं की साहेबासमोर जीभ वळणार नाही, हा खोताचा हिशेब.

सगळ्यांनी म्हटलं. दत्तारामचा धाकटा भाऊ सत्यवान, त्यानंही म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर खोताच्या पायाला हात लावला. मग दत्ताराम पुढे आला. त्यानं हात पुढे नेला, वीतभर अलीकडे थांबवला आणि मागे घेतला.

"माका जमाचां नाय, खोतानू."

"कित्याक रे?"

"तुमच्या फुडे येक वेळ खोटां बोलतलंय. हेच्या फुडे कसां बोलू?"

खोत हसला होता. "बरां. देवाक धरून रव. बघूया तो तुका खंयसर धरून ठेवता."

आता ऊन चढलं होतं. शेवंती टोपली रिती करून वळली तेव्हा बांधावरून चौघे येताना दिसले. पुढे बाबली. खोताच्या माडांचा राखणदार; मान नसलेला, रुंद खांद्यांचा गडी. हातात लोखंडी पारय होती, माड लावायला खड्डे खणतात ती.

"दत्ताराम, वर ये," बाबली म्हणाला. आवाजात राग नव्हता. गुरांना हाकावं तसा आवाज.

दत्ताराम वर आला. पळायला जागा नव्हती आणि तो पळणारा नव्हता. दोघांनी त्याला गुडघ्यांवर पाडलं. तिसऱ्यानं बांधासाठी आणलेला जांभ्याचा दगड ओढून पुढ्यात ठेवला.

"खंयचो हात रे तो? मागे घेतलंस तो?"

 बाबलीनं त्याचा उजवा हात धरून दगडावर आडवा टाकला. शेवंतीनं चिखलानं भरलेली टोपली बाबलीच्या तोंडावर मारली. त्यानं डोळे पुसले नाहीत. नुसती लाथ घातली. ती पोटात बसली आणि शेवंती चिखलात तोंडावर पडली. नाकातोंडात खारा गाळ गेला. वाळकं चुडत मोडावं तसा आवाज तिनं ऐकला. एकदा. मग पुन्हा. दत्तारामच्या तोंडून आलेला आवाज माणसाचा वाटला नाही.

तिनं डोकं वर केलं. पलीकडच्या कुणग्यात सत्यवान भात कापत होता. त्याच्या बाजूला आणखी माणसं होती. सगळ्यांच्या पाठी वाकलेल्या. विळे चालले होते. एकाही पाठीनं सरळ होऊन बघितलं नाही.

"उद्यापासून बांधार पाय ठेवशात तर पाय," बाबली म्हणाला आणि पारय खांद्यावर टाकून निघाला.

हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. मनगटाच्या वर दोन ठिकाणी मोडला होता. म्हातारा ओढत होता तेव्हा दत्तारामनं तोंडात पंचाचा बोळा धरला होता. बोळा काढल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते बांधाचं. "खालचो थर नीट बसलो नाय. पाणी थयसूनच येतलां."

दिवेलागणीला सत्यवान आला. घरापुढच्या खळ्यातच उभा राहिला, आत आला नाही.

"दादा, खोताचे पाय धर. अजून येळ गेलो नाय."

"तू सकाळी बघी होतंस?" शेवंतीनं विचारलं.

सत्यवाननं तिच्याकडे बघितलं नाही. "खोताचो हात डोक्यार आसा म्हणान माझी चूल पेटता, वयनी. तो हात काढल्यान तर आमी उघड्यार. मीच नाय, अख्खो गाव."

"तोच हात माझ्यार पडलो," दत्ताराम आतून म्हणाला. "तेची जात काय ती बघ."

"आणि तुझो देव? तो काय करी होतो सकाळी?"

 

"माका ठावक नाय," दत्ताराम म्हणाला. "पण तेका सोडून जाव खंय? खोताकडे? खोताक रातीची झोप लागना नाय, सत्या. आमका भिता तो. जो माका भिता, तेका देव कसो म्हणू?"

सत्यवान गेला. शेवंती पेजेचं भांडं घेऊन नवऱ्याजवळ बसली. डाव्या हातानं त्याला नीट पिता येईना. पेज छातीवर सांडली. ती पुसताना तिनं मनाशी ठरवलं. नवऱ्याचा देव नवऱ्यापाशी. तिला नवरा हवा होता.

सकाळी ती खोताच्या घरी गेली. कुणाला सांगितलं नाही. खोत ओसरीवरच्या बाकावर पान जुळवत बसला होता. बाबली पायरीशी. शेवंतीनं खळ्यात बसून पायरीवर डोकं टेकलं. खोतानं पाय पुढे केला. तळव्याला चुना लागला होता. तिनं त्या पायावर कपाळ ठेवलं.

"तेंका सोडा, खोतानू. हात मोडलो, झालां. आता सोडा."

"सोडतलंय," खोत म्हणाला. पान तोंडात घालून त्यानं चघळलं, घाई नव्हती. "तेणां देवाचां नाव घेवन माका नाय म्हटल्यान. चार माणसांत. ती भरपाय तू कर. म्हण, 'खोतानू, तुमीच आमचो देव.' इतक्यांच. मगे तुझ्या घोवाच्या आंगाक कोण बोट लावचो नाय."

शेवंतीनं तोंड उघडलं. म्हणायचंच म्हणून उघडलं. त्यात काही शौर्य नव्हतं. शब्द हलका होता आणि नवऱ्याचा जीव जड होता. पण तो शब्द जिभेवर आल्यावर तिच्या ध्यानात आलं की हा शब्द ती दिवसभर वापरते. टोपली डोक्यावर घेताना, विहिरीवर कळशी ओढताना, कंबर धरली की, दोन पोरं पोटातच गेली तेव्हा. देवा. तो शब्द ह्याला दिला तर उद्या ओझं उचलताना कुणाला हाक मारायची? ह्याला? ह्या चुन्यानं माखलेल्या पायाला?

"बोल गो."

"माका बोलाक येणा नाय," ती म्हणाली. तिलाच तिचा आवाज परका वाटला.

खोतानं पाय मागे घेतला आणि बाबलीकडे बघितलं. बाबलीनं तिच्या अंबाड्यात हात घातला आणि खळ्यातून, फाटकातून, पाखाडीवरून तिला ओढत नेलं. दगडांवर गुडघे सोलवटले. लुगडं फाटलं. वाटेतल्या घरांची दारं एकेक करून बंद होत गेली. पाखाडीच्या टोकाशी त्यानं तिला सोडलं तेव्हा त्याच्या मुठीत केसांचा पुंजका राहिला. तो त्यानं झटकून टाकला, कोळिष्टक हातावरून झटकावं तसा.

घरी आली तेव्हा दत्ताराम भिंतीला टेकून बसला होता.

"खंय गेल्लंस?"

"पाया पडाक." ती खाली बसली. "पडलंय. पण तो सांगी होतो तां बोलाक जमाक नाय."

तो उठला. डाव्या हातानं तांब्या आणला आणि तिच्या डोक्यातली जखम धुवायला लागला. पाणी तांबडं होऊन खांद्यावरून ओघळलं.  धुऊन झाल्यावर त्यानं टोपली तिच्यापुढे सरकवली.

"चल. पाणी थांबाचां नाय."

ते बांधावर गेले. दत्ताराम एका हातानं फावडं मांडीला टेकवून ढेकळं कापत होता. शेवंती मेढी ठोकत होती, चुडतं विणत होती, चिखल चढवत होती. हाताला फोड आले, फुटले, त्यात मीठ गेलं. बाबली लांबून बघून जाई, उधाणाची वाट बघत. पौर्णिमेच्या सकाळपर्यंत भगदाड बुजलं. वरचा थर ओला होता, पण उभा होता.

दुपारी उधाण चढलं. खाडी फुगून कांदळाच्या फांद्यांपर्यंत आली. पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर राहिलं आणि तिथं धापा टाकायला लागलं. दोघं बांधावर उभी राहून जिथं पाझर दिसेल तिथं चिखल थापत होती.

बाबली माणसं घेऊन आला. ह्या वेळी त्यांच्यात सत्यवान होता, आणि कुदळ सत्यवानच्या हातात होती.

"पयलो घाव तुझो," बाबली त्याला म्हणाला. "खोतांनी सांगल्यानी हा. मार."

सत्यवाननं भावाकडे बघितलं नाही, वहिनीकडे बघितलं नाही. ओल्या मातीवर डोळे ठेवून त्यानं कुदळ उचलली आणि घातली. माती कचकन फाटली. पाण्याची एक जीभ आत आली.

दत्ताराम आतल्या अंगानं खाली उतरला आणि त्या चिरेवर पाठ लावून उभा राहिला. बांधलेला हात छातीशी, डावा हात मातीत रुतवलेला. पाणी त्याच्या दोन्ही कानांजवळून येत होतं.

"सत्या, माझ्यार मार," तो म्हणाला. "बांधार नको. बांधान तुका काय केल्यान?"

सत्यवानची कुदळ वर गेलेली तशीच राहिली. "दादा, बाजूक हो," तो ओरडला. रडवेला आवाज. "बाजूक हो रे!"

बाबलीनं त्याला ढकललं. पारय दोन्ही हातांनी उचलली आणि खाली आणली, खुंटी ठोकावी तशी. दत्तारामचं डोकं बाजूला कललं. मग बांध गेला. मातीची, चुडतांची, मेढींची अख्खी भिंत आवाज करत आत कोसळली आणि मागून खाडी आली. शेवंतीनं उडी टाकली. तिच्या हाताला धोतर लागलं. तिनं ते मुठीत धरलं, मनगटाला वेढा घेतला. पाण्यानं दोघांना गरगर फिरवलं, एकदा दत्तारामचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं, डोळे उघडे, आणि मग नुसतं धोतर तिच्या हातात राहिलं.

तिला पाण्यानं भातात नेऊन टाकलं. दत्तारामला ओहोटीनं परत ओढून खाडीत नेलं. ऊन कलल्यावर सत्यवान कांदळातून त्याला खांद्यावर घालून घेऊन आला. तो कमरेपर्यंत चिखलानं माखलेला होता. त्यानं भावाला खळ्यात ठेवलं आणि कुंपणापाशी जाऊन उलटी केली.

खोतानं मयतासाठी कोरं कापड आणि नारळ पाठवला. निरोपही आला: बांध फुटला, दत्ताराम वाहून गेला, फार वाईट झालं, कुणी बघितलं असतं तर वाचवला असता. आलेल्या माणसांनी माना डोलावल्या. शेवंतीनं कापड गड्याच्या हातात परत दिलं आणि स्वतःचं धुतलेलं लुगडं नवऱ्यावर घातलं.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली. सुतकात देवळाची पायरी चढायची नसते, म्हणून ती बाहेर प्राजक्ताखाली बसली. दार उघडं होतं. आत पाषाणावर फुलं होती.

"तेणां तुझ्यासाठी हात मागे घेतल्यान," ती म्हणाली. "तू कित्याक हात फुडे केलंस नाय?"

ती उत्तराची वाट बघत बसली. खरोखरच वाट बघत बसली. पुजारी येऊन गेला, कुत्रं येऊन सावलीत झोपलं. उत्तर आलं नाही. तिनं देवाला शिव्या दिल्या. माहेरच्या भाषेतल्या, घाणेरड्या. मग रडू आलं, आणि रडून झाल्यावरही ती तिथंच होती आणि दार उघडंच होतं. कुणी बघितलं नाही असं खोत म्हणतो. ते खोटं आहे, एवढं तिला उठताना कळलं. एकानं बघितलं होतं. त्याच्यापुढे कुणाचं काही लपलं नव्हतं. तिला ह्याहून जास्त काही हवं होतं, पण मिळालं ते एवढंच, आणि ते तिनं घट्ट धरलं.

सुतक फिटल्यावर साहेब आला, तो देवळाच्या सभामंडपातच बसला. चष्मा लावलेला तरुण माणूस. जवळ शिपाई आणि पोलीसपाटील. खोत बाजूच्या खुर्चीत. नाव पुकारलं की माणूस उठून म्हणे, "मजूर." सत्यवाननंही म्हटलं. त्याची दाढी वाढली होती आणि खांद्यावरचं कांबळं त्यानं उकाड्यातही घट्ट लपेटून घेतलं होतं.

"दत्ताराम?"

"मयत," खोत म्हणाला.

शेवंती मागून उठली. "तेंची बायल आसंय."

साहेबानं मान वर केली. "बाई, ती जमीन तुम्ही कसत होता?"

"होय. सासऱ्याच्या वक्तापासून. आमी कूळ. मजूर नाय. आणि माझो घोव वाहून गेलो नाय. बाबलीन पारय घालून तेका मारल्यान."

 बाबली खांबापाशी होता. तो सरळ झाला.

"हे तुमच्याशिवाय कोणी पाहिलं?" साहेबानं विचारलं.

"देवान," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. खोतही हसला. "साहेब, डोक्यावर परिणाम झालाय हिच्या. देव काय साक्षीला येणार?"

तेवढ्यात सत्यवान उठला. कांबळं खाली पडलं आणि आतला कोयता दिसला. कुणी ओरडायच्या आत तो खुर्चीपाशी पोचला होता. खोत खुर्चीसकट मागे कोसळला. तोंडातल्या पानाचा रस त्याच्या हनुवटीवरून ओघळला. कोयता वर गेला आणि खाली येताना मध्ये शेवंती आली. तिनं पातं उघड्या हातानं धरलं. ते तळव्यात हाडापर्यंत गेलं. तिनं सोडलं नाही.

"सोड, वयनी! हेणां माका भावार कुदळ उचलूक लायल्यान!"

"जलमभर हेचे पाय धरलंस," ती म्हणाली. रक्त कोपरावरून फरशीवर गळत होतं. "आता हेच्यासाठीच फाशी जातलंस? म्हणजे अजून हीच तुझी पूजा चालू आसा, सत्या. हेका इतको मोठो करू नको. सोड तेका. जां बघलंस तां सांग."

 सत्यवानची पकड सैल झाली, आणि तो तिथंच, पडलेल्या खुर्चीशेजारी बसला आणि बोलायला लागला. पहिला घाव माझा, तो म्हणाला. दुसरा बाबलीचा. कुठं लागला, रक्त कसं आलं, दादा काय म्हणाला, सगळं. थांबता थांबेना. शेवटी म्हणाला, "आणि आमी कूळ."

पोलीसपाटलानं बाबलीचा दंड धरला. बाबलीनं खोताकडे बघितलं. मालकानं आता काहीतरी बोलायचं होतं.

खोत धोतर झटकत उठला. "हा माणूस माझा कोणी नाही, साहेब," तो शुद्ध भाषेत म्हणाला. "माडाला राखण म्हणून ठेवला होता. काय केलं असेल ते त्यानं त्याच्या मनानं केलं."

बाबलीचं तोंड उघडं पडलं. हात बांधेपर्यंत ते तसंच राहिलं. त्याला नेताना तो धडपडला नाही की ओरडला नाही. खोताच्या पायांकडे बघत बघत गेला.

बाबलीला जन्मठेप झाली. सत्यवानलाही काही वर्षांची सजा झाली, त्यानं गुन्हा नाकारला नाही. खोताला काहीच झालं नाही. त्या दिवशी मजूर म्हणालेले बरेचसे मजूरच राहिले. शेवंतीला खाजण मिळालं, पण मिठानं पांढरं झालेलं. दोन पावसाळे त्यातून भाताचा दाणा आला नाही. ती लोकांच्या कापणीला गेली, सुकटीच्या टोपल्या घेऊन नांदगावापर्यंत चालली, आणि उरलेल्या वेळात बांध घातला. उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती, म्हणून टोपली मनगटावर घ्यायची सवय केली.

तिसऱ्या वर्षी रोप धरलं. एका सकाळी ती बांधाला माती चढवत असताना समोरून खोत आला. एकटाच, हातात काठी. बराच वाळला होता. बांध अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. तो तिच्यासमोर थांबला आणि हिरव्या रोपांवरून त्यानं नजर फिरवली.

"घोव गेलो, हात गेलो," तो म्हणाला. "काय दिल्यान तुका तुझ्या देवान?"

शेवंतीनं विचार केला. खरोखरच विचार केला, कारण प्रश्न तिचाही होता.

"सांगूक येवचां नाय," ती म्हणाली. "पण तुमी म्होरसून येयत होतास, तेव्हा माझां काळीज जरासुदिक धडधडाक नाय."

 तिनं वाकून टोपली मनगटावर घेतली, "देवा" म्हणून उचलली आणि डोक्यावर ठेवली.

"वाट सोडा, खोतानू. माती सुकता."